पहिली गाडी घ्यायचीय: नवी की जुनी? इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यावा का? (नाशिक)

पाथर्डी_फाटा
नमस्कार मंडळी. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो, मी अंबडला कंपनीत आहे आणि बायको सिन्नरच्या शाळेत शिकवते. आत्तापर्यंत तिचं एसटी आणि शेअर रिक्षा असं चाललंय, पावसाळ्यात फार हाल होतात. म्हणून आता गाडी घ्यायचीच असं ठरलंय. सगळं धरून, म्हणजे ऑनरोड, नऊ लाखाच्या आत बसवायचंय. रोज गाडी मुख्यतः तीच चालवणार, मला कंपनीची बस आहे. महिन्यातून एकदा ठाण्याला बहिणीकडे जाणं होतं. वडील सोबत असतात, त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार खाली बसायची गाडी नको.
प्रश्न असे की नवी घ्यावी की दोनतीन वर्षं वापरलेली एक साइज मोठी? पेट्रोल की सीएनजी? आणि शोरूमवाल्याने जे कोटेशन दिलंय त्यात इन्शुरन्सचा आकडा बघून डोळे फिरले, तो म्हणतो इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल नाहीतर डिलिव्हरीला वेळ लागेल. हे खरं आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

तर्रीवाला
अभिनंदन! गाडी कुठलीही घ्या, पहिली चक्कर मिसळ खायलाच मारायची आणि वडिलांना पुढच्या सीटवर बसवायचं.

गंगापूररोडवाली
नवीच घ्या. पहिली गाडी आहे आणि वहिनी रोज एकट्या हायवेला असणार. वाटेत कुठे बंद पडली तर काय? नवीला वॉरंटी असते, रोडसाइड असिस्टन्स असतो. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, आधी २८ अधिक सेस होता. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर तुम्हाला तो फायदा मिळतोच. जुन्या-नव्यातलं अंतर त्यामुळे बरंच कमी झालंय.

निफाडकर
मी जुनीच्या बाजूने. आमच्याकडे द्राक्षाचे पैसे आले की शेतकरी गाडी बदलतो, त्यामुळे पिंपळगाव-निफाड पट्ट्यात चांगल्या ठेवलेल्या, एकाच मालकाच्या गाड्या मिळतात. ओळखीतली, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी मिळाली तर नव्याचे पैसे का घालवायचे? शोरूममधून बाहेर आली की किंमत पडलीच.

अंजनेरी
निफाडकर, तुम्हाला ओळखीतली मिळते हो, सगळ्यांना कुठे मिळते. बाजारातली जुनी गाडी म्हणजे पावसाळ्यात कुठे उभी होती कोण सांगणार? गोदेला पूर आला की गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं ते आपण दरवर्षी बघतो. दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की सराफ बाजारात पाणी शिरायला वेळ लागत नाही. त्या गाड्या नंतर धुऊनपुसून कुठेतरी विकल्या जातातच ना.

जुना_सर्व्हेअर
अंजनेरीताईंचा मुद्दा रास्त आहे पण पाण्यात गेलेली गाडी ओळखता येते. मी मोटार सर्व्हेअर, म्हणजे क्लेमसाठी गाडीचं नुकसान तपासणारा, म्हणून निवृत्त झालो, आयुष्यभर हेच बघितलंय. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतला जो भाग कधी कोणी ओढत नाही तिथे गाळाची रेघ, पिवळट डाग किंवा पट्टा कडक झालेला दिसला तर गाडी सोडून द्या. पुढची सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर हात फिरवा, तिथे गंज असेल तर विचारा का आहे. डिकीतली स्टेपनी उचलून त्या खड्ड्यात बघा. सगळ्या काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं आत बसा, कुबट वास आला की समजायचं. आणि भरपूर परफ्यूम मारलेला असला तरी समजायचं.
अपघाताचं म्हणाल तर बॉनेट उघडून ज्या बोल्टनी ते बिजागरीला बसवलंय त्या बोल्टच्या कडा बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग एकसंध असतो, पाना लागला की कोपऱ्याचा रंग उडतो. दारांच्या बोल्टचंही तसंच. काचांवर सगळीकडे बारीक अक्षरात सालाची खूण असते, एकच काच वेगळ्या सालाची असेल तर ती बदललीय. मग का बदलली ते विचारायचं, दगड लागूनही बदलते.
टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन साल. गाडी तीन वर्षांची आणि टायर मागच्याच महिन्यातले असतील तर मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका.

पंचवटीकर
सर्व्हेअर काका, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. स्क्रीनशॉट घेतला.
जुनीच्या बाबतीत कागदांचं मी सांगतो, आमच्या घरापासून पेठ रोडचं आरटीओ जवळ त्यामुळे सगळे मलाच विचारतात. आधी परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून मालक, इन्शुरन्सची मुदत, पीयूसी आणि बोजा, म्हणजे गाडीवर कर्ज, आहे का ते बघायचं. बोजा असेल तर मालकाकडून बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. मग गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, ज्याला सगळे टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन गाडी पुढे विकणारे एजंट असतात, तसला व्यवहार अजिबात करू नका. ई-चलान किती बाकी आहेत ते महाट्रॅफिकवर बघा, भरायला मालकाला लावा. गाडी मालेगावची म्हणजे एमएच ४१ असली तरी राज्यातल्या राज्यात पुन्हा नंबर बदलावा लागत नाही, तेवढी काळजी नको. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी बसवलीय का बघा.

सातपूर_एमआयडीसी
आणि जुन्या गाडीचा इन्शुरन्स आपोआप आपल्या नावावर होतो असं लोक समजतात. थर्ड पार्टीचा भाग (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) कायद्याने गाडीबरोबर येतो पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, तो १४ दिवसांच्या आत नाव बदलून घ्यावा लागतो. आमच्या लाइनमधल्या एकाने गाडी घेतली, नाव बदलायचं राहिलं आणि दिवाळीत ठोकली. क्लेम गेला. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्याचाच राहतो.

पाथर्डी_फाटा
बापरे, एवढं सगळं बघायचं असतं होय. खरं सांगायचं तर आमचा कल नवीकडे झुकतोय, बायकोचंही तेच म्हणणं आहे. कोटेशनमध्ये एक्सशोरूम, टॅक्स, इन्शुरन्स, अॅक्सेसरी किट, हँडलिंग चार्जेस, फास्टॅग असं सगळं लिहिलंय. यातलं खरं किती?

हिशेबी
एकेक ओळ बघू. समजा एक्सशोरूम ७ लाख. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखापर्यंत ११ टक्के टॅक्स म्हणजे साधारण ७७ हजार. (डिझेलला १३ टक्के.) हा सरकारी, यात घासाघीस नाही. थर्ड पार्टी इन्शुरन्सही सरकारी दराने, १००० ते १५०० सीसीला तीन वर्षांचे १०,६४० आणि १००० सीसीच्या आत ६,५२१, वर जीएसटी. हे दर २०२२ साली ठरलेत आणि ते सगळ्या कंपन्यांना सारखेच. फरक पडतो तो ओन डॅमेज आणि अॅड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायच्या कव्हरमध्ये, तिथेच शोरूमचं कमिशन असतं. हँडलिंग चार्जेस या नावाने द्यायचं काही कारण नाही, सरळ काढायला लावा. अॅक्सेसरी किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, परफ्यूम घालून जो आकडा लावतात त्याच्या निम्म्यात बाहेर होतं. ते घेतलंच पाहिजे असं नाही.
इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या हे कुठल्याही कायद्यात नाही. बाहेरून दोन कोटेशन काढा, अगदी तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि तेच अॅड-ऑन टाकून, आणि त्याच्यासमोर ठेवा. बहुतेक वेळा तोच खाली येतो.

गंगापूररोडवाली
हिशेबी, तुमचं बरोबर आहे पण मी शोरूमचाच घेते दरवर्षी. गाडी ठोकली की त्यांच्या वर्कशॉपला सोडायची, ते क्लेम, सर्व्हेअर, कॅशलेस (बिल थेट इन्शुरन्स कंपनी भरते) सगळं बघतात. दोनतीन हजार वाचवायला बाहेरून घेतला आणि क्लेमच्या वेळी आपणच फोन करत बसलो तर काय उपयोग?

जुना_सर्व्हेअर
दोघांचंही खरं आहे. कॅशलेस हे पॉलिसी कुठून घेतली त्यावर नाही तर ती इन्शुरन्स कंपनी आणि ते वर्कशॉप यांच्यात करार आहे का त्यावर अवलंबून असतं. म्हणून उलट्या बाजूने जा. ज्या वर्कशॉपला तुम्ही गाडी नेणार तिथल्या बॉडीशॉपच्या माणसाला (सेल्सवाल्याला नाही) विचारा की तुमच्याकडे कुठल्या कंपन्यांचं कॅशलेस सुरळीत होतं. तो दोनचार नावं सांगेल. त्यातली स्वस्त निवडा, मग ती ऑनलाइन घ्या की कुठून.
दुसरं, पहिल्या वर्षी नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी आणि एक वर्षाचं ओन डॅमेज असं मिळतं. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज वेगळ्या कंपनीकडे नेता येतं. त्यामुळे पहिल्या वर्षीचा निर्णय म्हणजे जन्माची गाठ नाही.

पाथर्डी_फाटा
काका, अॅड-ऑन कुठले घ्यावेत? यादी भली मोठी आहे. झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, कन्झ्युमेबल, आरटीआय, चावी हरवली तर, सामान चोरीला गेलं तर...

जुना_सर्व्हेअर
झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई, घ्याच. त्याशिवाय प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर ५० टक्के कापतात, गाडी नवी असली तरी. आजकाल गाडीचं सगळं तोंड प्लॅस्टिकचंच असतं. बंपर ८ हजाराचा असेल तर ४ हजार कापले, वर दर क्लेमला हजार रुपये सक्तीचे आपले, हातात ३ हजार. झिरो डेप असेल तर ७ हजार.
इंजिन प्रोटेक्ट नाशिकसारख्या गावात घ्यावं असं माझं मत आहे. पाणी शिरून इंजिन जाम झालं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, कारण कंपनी म्हणते की पाण्यात चालू केल्यामुळे झालं. आणि ते असलं तरी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. गाडी पाण्यात बंद पडली किंवा उभी असताना पाणी आत गेलं तर चावी लावायची नाही. एकदाही नाही. हवेच्या जागी पाणी सिलेंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. मी अशा कितीतरी गाड्या पाहिल्यात ज्या नुसत्या धुऊन-सुकवून दुरुस्त झाल्या असत्या, पण मालकाने बघू चालू होते का म्हणून स्टार्टर मारला आणि इंजिन उघडायची वेळ आली.
आरटीआय म्हणजे रिटर्न टू इन्व्हॉइस पहिली दोनतीन वर्षं चांगलं, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर आयडीव्हीऐवजी बिलाची रक्कम मिळते. चावी आणि सामानाचं सोडलंत तरी चालेल.

सातपूर_एमआयडीसी
आयडीव्ही कमी लावून प्रीमियम कमी दाखवतात ते पण बघा. ऑनलाइन तर हमखास. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस धरतात आणि तेव्हा आयडीव्हीच मिळते. दीड हजार वाचवायला पन्नास हजारावर पाणी सोडू नका.

हिशेबी
आणि बारीक पोच्यासाठी क्लेम टाकू नका. समजा ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १०,००० आहे आणि तीन वर्षं क्लेम नाही म्हणून ३५ टक्के बोनस मिळतोय, म्हणजे तुम्ही ६,५०० भरताय. यंदा क्लेम टाकला नाहीत तर पुढच्या वर्षी ४५ टक्के, म्हणजे ५,५००. टाकलात तर बोनस शून्य, पूर्ण १०,०००. एका वर्षातच ४,५०० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, आणखी ३,०००. म्हणजे पाच हजाराच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी साडेसात हजार घालवले. मोठं काही झालं तरच क्लेम. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस गेलाच, रिन्यूअलची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने.

तर्रीवाला
हिशेबींना आमच्या सोसायटीच्या मीटिंगला घेऊन जायला पाहिजे, मेंटेनन्सचा प्रश्न अर्ध्या तासात सुटेल.

देवळाली_कॅम्प
मला एक विचारायचंय. गाडी नावावर कोणाच्या घेताय? तुम्ही लिहिलंय की रोज वहिनी चालवणार.

पाथर्डी_फाटा
माझ्या नावावर, कर्ज माझ्या पगारावर आहे म्हणून. का हो?

देवळाली_कॅम्प
कारण पॉलिसीत जो १५ लाखाचा अपघात विमा सक्तीचा असतो तो 'ओनर-ड्रायव्हर'चा असतो. म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तोच, आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारी तुमची बायको असेल तर त्या १५ लाखातलं तिला काही नाही. थर्ड पार्टी तर समोरच्यासाठी असतं, चूक आपली असेल तर आपल्या चालकाला त्यातून मिळत नाही. म्हणजे जी व्यक्ती रोज सिन्नरला जाणार-येणार, हायवेला असणार, तिच्याच डोक्यावर छत्री नाही. आमच्या बहिणीच्या बाबतीत हे लक्षात आलं तेव्हा आम्ही गाडीच तिच्या नावावर केली.

जुना_सर्व्हेअर
देवळालीकरांनी लाखमोलाचं सांगितलं. मी एवढं लिहिलं पण हे माझ्याही मनात आलं नव्हतं. जी रोज चालवणार तिच्याच नावावर घ्या, कर्जात तुम्ही सहकर्जदार व्हा, बँका तसं करतात. आणि तुम्हा दोघांसाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्या. तो महागडा नसतो आणि तो रिक्षात, बसमध्ये, चालतानाही लागू असतो. वडील आणि मुलं बसणार असतील तर पॅसेंजर कव्हरही विचारा, नाममात्र पैशात मिळतं.

अंजनेरी
हे खरंच कोणी सांगत नाही! शोरूममध्ये तर नाहीच. आमच्या शेजारीपाजारी बहुतेक गाड्या नवऱ्याच्या नावावर आणि चालवतात बायका. आत्ताच सगळ्या ग्रुपवर टाकते.

पाथर्डी_फाटा
वाचून अंगावर काटा आला. बायकोला दाखवलं. गाडी तिच्याच नावावर घेणार, हे ठरलं. देवळाली_कॅम्प, मनापासून आभार.

निफाडकर
आमच्याकडे ट्रॅक्टरचंही असंच असतं, कागद बापाच्या नावावर आणि चालवतो पोरगा. असो, विषय गाडीचा आहे. पेट्रोल-सीएनजीचं राहिलं की.

सिन्नरकर
वहिनी सिन्नरला येणार म्हणजे रोजचं जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होईल. एवढं चालणं असेल तर सीएनजी परवडतं. माझी आहे. फक्त रांगेची तयारी ठेवा, सकाळी शाळेच्या घाईत रांगेत उभं राहू नका, रात्री भरून ठेवा. डिकीचं म्हणाल तर आता काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या खाली बसवतात, त्यात बॅगा मावतात. कंपनी फिटेडच घ्या. बाहेरून किट बसवलं तर आरसीवर आणि पॉलिसीत दोन्हीकडे नोंद लागते, ती नसली तर क्लेमला अडतं. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची असते ती चुकवू नका.

घाटमाथा
सीएनजीवर कसाऱ्यात चढताना जोर कमी पडतो, चार माणसं आणि एसी असेल तर जाणवतो. पण महिन्यातून एकदाच जायचंय म्हटल्यावर त्यासाठी पेट्रोल घ्यायची गरज नाही, घाटापुरती पेट्रोलवर टाकायची.
घाटाचं लिहितोच, कारण वहिनींनी कधीतरी चालवायची वेळ येईल. उतरताना गाडी न्यूट्रल करायची नाही, कितीही पेट्रोल वाचतं असं कोणी सांगितलं तरी. ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरायचं, दुसरा किंवा तिसरा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी पेडल मऊ पडतं. ट्रकच्या मागून उतरताना जो जळका वास येतो ना, तो त्याच्या ब्रेकचा असतो. तसा वास आला की अंतर वाढवा, त्याला पुढे जाऊ द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.
जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी ते कसारा धुकं एवढं असतं की समोरच्या गाडीचा मागचा दिवाच काय तो दिसतो. तेव्हा हाय बीम लावला तर पांढरी भिंतच दिसते. लो बीम आणि असतील तर फॉग लॅम्प. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की वळताय. फारच झालं तर रस्ता सोडून हॉटेलच्या आवारात थांबा, रस्त्याकडेला नाही.

सातपूर_एमआयडीसी
ठाण्याला जायचं तर आता समृद्धी महामार्गाने जा की. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, घाट टळतो. इगतपुरीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे, वडिलांनाही बघायला आवडेल.

घाटमाथा
जा, पण टायर बघून जा. काँक्रीटचा रस्ता, सरळ, १२० ची मर्यादा, सगळे त्याच्याही वर असतात. उन्हाळ्यात टायर आधीच तापलेले आणि त्यात हवा कमी असली तर बाजू सारखी दुमडून आणखी तापते आणि फुटते. लोकांना वाटतं हवा जास्त झाल्याने फुटतं, पण कमी हवाच जास्त धोक्याची. घरून निघायच्या आधी थंड टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरायची, पंपावरचा पोऱ्या सांगेल ती नाही. आणि एकसुरी रस्त्यावर डुलकी फार येते. जेवून लगेच निघू नका. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा, अगदी वडिलांनीसुद्धा.

पंचवटीकर
सेफ्टीचा विषय निघालाच आहे तर सनरूफच्या आधी ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग बघा. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची सरकारी क्रॅश टेस्ट, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय, त्यांच्या साइटवर मॉडेलचे मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे दिलेले असतात. सेल्समन फक्त एकच सांगतो.

गंगापूररोडवाली
वडिलांना शोरूमला घेऊन जा आणि प्रत्यक्ष बसवा-उठवा. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स बघून कळत नाही. सीट त्यांच्या मांडीच्या उंचीला यायला हवी, म्हणजे खाली वाकून बसणं नाही आणि वर चढणंही नाही. माझ्या सासूबाईंना उंच एसयूव्हीत चढताना जास्त त्रास व्हायचा, त्यापेक्षा मधल्या उंचीची गाडी बरी पडली. दार किती उघडतं तेही बघा, आपल्याकडच्या पार्किंगमध्ये पूर्ण उघडतच नाही.

तर्रीवाला
आणि टेस्ट ड्राइव्ह कॉलेज रोडला घेऊ नका, तिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही. वहिनींना द्वारका सर्कल पार करून नाशिकरोडपर्यंत चालवू द्या. द्वारकेला क्लच पाय दुखला नाही तर गाडी पास.

सिन्नरकर
तर्रीवाल्यांनी हसत सांगितलं पण हे अगदी खरं. रोज द्वारका, नाशिकरोड करणार असाल तर ऑटोमॅटिकचा विचार करा. एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक) सीएनजीमध्येही येते आता काही गाड्यांत.

पाथर्डी_फाटा
आम्ही विहितगाव मार्गे जाणार म्हणून द्वारका टळेल. पण एएमटी बघतोच. आणखी एक, फास्टॅगचा तो तीनेक हजाराचा वार्षिक पास घ्यावा का? शिंदे-पळसेचा टोल रोज लागणार.

हिशेबी
थांबा, घाई करू नका. तो पास १५ ऑगस्ट २०२५ पासून आहे, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. जाताना एक आणि येताना एक अशा दोन धरतात. महिन्याला बावीस दिवस शाळा धरली तर ४४ फेऱ्या, म्हणजे पाच महिन्यांच्या आतच संपणार. त्यापेक्षा टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना जो मासिक स्थानिक पास मिळतो तो बघा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास आणि फेऱ्यांची मर्यादा नाही. तुमचा पत्ता त्यात बसतो का ते नाक्यावर आधार आणि आरसी दाखवून विचारा. आरसी वहिनींच्या नावाची लागेल, बरं झालं ते आधीच ठरलं. वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, घोटीला चालेल पण समृद्धीवर नाही.

पाथर्डी_फाटा
वा! हे शोरूमवाल्याने सांगितलंच नसतं. तर आता असं ठरतंय: नवी, सीएनजी, जमल्यास एएमटी, बायकोच्या नावावर. इन्शुरन्स झिरो डेप अधिक इंजिन प्रोटेक्ट अधिक आरटीआय, बाहेरचं कोटेशन काढून मगच. वडील म्हणतात डिलिव्हरी पाडव्यालाच घ्यायची.

जुना_सर्व्हेअर
पाडव्याला जरूर घ्या, पण पासिंगच्या, म्हणजे आरटीओ नोंदणीच्या, आधी एक दिवस उजेडात जाऊन ती गाडी, तुमच्या चॅसी नंबरची, स्वतः बघून या. पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये हारतुऱ्यांच्या गर्दीत काही बघता येत नाही, आणि पासिंग झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही. फॉर्म २२ मागा, त्यावर गाडी कुठल्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. मीटर, चारही टायर आणि स्टेपनीचा कोड, दाराच्या कडांचा रंग, सगळ्या काचा वर-खाली, एसी, दोन्ही चाव्या. पॉलिसीवरचा चॅसी आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून बघा. एक आकडा चुकला तरी क्लेमच्या वेळी हेलपाटे.
कधी क्लेम अडलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्यायचं, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्याला पुण्याचं ऑफिस आहे. वकील लागत नाही, फी नाही.

अंजनेरी
काका, एक विचारू? माझा भाऊ स्वतःच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीवर अधूनमधून त्र्यंबक-शिर्डीची भाडी मारतो. ओळखीचेच लोक असतात. चालतं ना?

जुना_सर्व्हेअर
नाही ताई, त्याला आजच थांबवा. खाजगी पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. अपघात झाला आणि प्रवाशाने जबाबात भाडं दिलं असं सांगितलं तर गाडीचा क्लेम तर जातोच, वर प्रवाशांच्या भरपाईचा बोजा त्याच्या अंगावर येऊ शकतो. २०२७ चा सिंहस्थ येतोय, त्यात अशी भाडी वाढणार. त्याला धंदा करायचा असेल तर टुरिस्ट परमिट, पिवळी पाटी आणि त्याची पॉलिसी काढून करू दे.

अंजनेरी
सांगते त्याला. ऐकेल की नाही माहीत नाही, पण हा धागा वाचायला लावते.

देवळाली_कॅम्प
पाथर्डी_फाटा, एक राहिलं. वहिनींचं लायसन्स फोरव्हीलरचं आहे ना? शिकलेल्या असतील पण बरेच दिवस चालवली नसेल तर डिलिव्हरीच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलचे आठदहा दिवस हायवेवरचे घ्या, नुसतं ग्राउंडवरचं नाही. शिंदे गावाजवळ ट्रेलरच्या शेजारून जायची सवय दुसऱ्याच्या डबल ब्रेकच्या गाडीत झालेली बरी.

पाथर्डी_फाटा
लायसन्स आहे, कारचं, मुदत अजून बरीच आहे. सराव नाही. सोमवारपासून क्लास लावतोय, नाशिकरोडला कोणी चांगली शिकवणारी बाई माहीत असेल तर मेसेज करा.

सिन्नरकर
केलाय, बघा. माझ्या बायकोला त्यांनीच शिकवलं, थेट मोहदरी घाटापर्यंत नेतात.